कॅरिबियन क्रूझ: आधी बेटे ठरवावीत की आधी जहाज?

कोल्हापुरातल्या घरांत कॅरिबियन क्रूझचा विषय बहुधा दोन वाटांनी येतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला असते आणि आईवडील भेटीला जातात, तेव्हा त्या मुक्कामाला आठवडाभराची क्रूझ जोडून घेण्याचा बेत होतो. नाहीतर गळीत हंगाम आटोपल्यावर आणि शाळांना सुट्ट्या लागल्यावर तीन-चार कुटुंबे मिळून एखादी मोठी परदेशवारी ठरवतात. दोन्ही वेळा चर्चा सुरू होते ती जहाजाच्या छायाचित्रांवरून, आणि ते जहाज नेमके कुठे जाणार आहे हे पैसे भरून झाल्यावर नकाशा उघडून पाहिले जाते. आमच्या घरीही पहिल्या वेळी असेच झाले. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा: आधी समुद्राचा कोणता भाग पाहायचा ते ठरवावे, मग त्या भागात जाणाऱ्या जहाजांमधून एक निवडावे. याला अपवाद आहेत, पण ते कोणाला लागू पडतात हे प्रामाणिकपणे तपासावे लागते.

तासांचा हिशेब

सुरुवात एका साध्या बेरजेने करावी. सात रात्रींच्या क्रूझमध्ये पहिल्या दिवशीच्या दुपारपासून आठव्या दिवशीच्या सकाळपर्यंत सुमारे 160 तास जहाजावर मिळतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मायामीहून निघणारे मोठे जहाज त्या आठवड्यात साधारण तीन-चार ठिकाणी थांबते आणि प्रत्येक ठिकाणी आठ-नऊ तास उभे राहते. उतरण्याची रांग आणि परत येण्याची घाई वजा केली, तर प्रत्यक्ष बेटांवर जेमतेम पंचवीस तास हाती लागतात. ज्याने केवळ बेटांसाठी पैसे मोजले आहेत त्याला हा आकडा आधी ठाऊक असलेला बरा, कारण उरलेले सगळे तास जहाजावरच काढायचे असतात.

हे प्रमाण सगळीकडे सारखे नसते, आणि निवडीची खरी किल्ली इथेच आहे. मायामीपासून सेंट थॉमस हे बेट सुमारे 1000 सागरी मैलांवर आहे, आणि ताशी वीस सागरी मैलांच्या वेगाने ते अंतर कापायला दोन दिवस लागतात. याउलट कॅरिबियनच्या दक्षिण भागातील बेटे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की रात्री निघालेले जहाज सकाळी पुढच्या बेटावर पोहोचते. त्यामुळे पोर्तो रिकोतील सान हुआन किंवा बार्बाडोसमधील ब्रिजटाउन येथून सुरू होणाऱ्या सात रात्रींच्या सफरीत पाच-सहा बेटे सहज बसतात. म्हणजे जहाजाचा आग्रह धरणाऱ्याने फ्लोरिडातून निघावे आणि बेटांचा आग्रह धरणाऱ्याने सुरुवातीचे बंदरच दक्षिणेकडे सरकवावे. सान हुआन हा अमेरिकेचाच भाग असल्यामुळे मायामी किंवा न्यूयॉर्कहून तिथे जाणारे विमान देशांतर्गत असते आणि अमेरिकेचा व्हिसा पुरतो.

कोणत्या दिशेला काय आहे

प्रवास कंपन्या कॅरिबियनचे पूर्व, पश्चिम आणि दक्षिण असे तीन भाग करतात. पूर्वेच्या मार्गावर बहामाजमधील नासाउ, सान हुआन, सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन ही नावे पुन्हापुन्हा दिसतात. पांढरी वाळू, निळे पाणी आणि खरेदी एवढे बहुतेकांना पुरते. पण यांत सान हुआनचे वेगळेपण लक्षात घ्यावे. धक्क्यावरून उतरल्यावर जुन्या शहरात पायीच जाता येते, आणि समुद्राच्या तोंडावर स्पॅनिश लोकांनी 1539 मध्ये बांधायला घेतलेला एल मोरो हा किल्ला उभा आहे. पन्हाळ्याच्या तटावर ज्याचे बालपण गेले आहे, त्याला तिथले बुरूज, तोफांच्या जागा आणि खालचा समुद्र पाहताना दिवस कमी पडतो. सेंट मार्टिनचा अर्धा भाग डच आणि अर्धा फ्रेंच आहे. तिथल्या माहो किनाऱ्यावर विमाने डोक्यावरून अगदी कमी उंचीने जात उतरतात, आणि मुले तेवढेच पाहण्यासाठी तासभर हलत नाहीत.

पश्चिमेच्या मार्गावर मेक्सिकोतील कोझुमेल आणि कोस्टा माया, होंडुरासचे रोआतान, बेलीझ, ग्रँड केमन आणि जमैका ही ठिकाणे येतात. माया संस्कृतीचे अवशेष, प्रवाळ आणि धबधबे यांची आवड असेल तर हा भाग अधिक भरीव आहे. बेलीझ आणि होंडुरासच्या किनाऱ्याजवळून जाणारी प्रवाळभिंत जगातील दुसऱ्या क्रमांकाची मोठी मानली जाते, आणि पोहायला न येणाऱ्यालाही काचेच्या तळाच्या होडीतून ती पाहता येते. मात्र ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी येथे मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती खोल पाण्यात उभी राहतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीत पाऊल टाकताना ती हलत असते. घरातील ज्येष्ठांचे गुडघे दुखत असतील किंवा सोबत चाकाची खुर्ची असेल, तर मार्ग पक्का करण्यापूर्वी प्रत्येक बंदराबाबत जहाज धक्क्याला लागते की बोटीने जावे लागते, हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जाहिरातीत हे क्वचितच लिहिलेले असते.

दक्षिणेचा भाग मला सर्वांत आवडतो, आणि त्याचे एक कारण निव्वळ कोल्हापुरी आहे. बार्बाडोसचा इतिहास उसाचा इतिहास आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून या चिमुकल्या बेटावर उसाचे मळे पसरले, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर साखर तयार झाली आणि तिने इंग्लंडमध्ये अनेक घराणी गब्बर केली. तिथल्या सेंट निकोलस ॲबी या सतराव्या शतकातील वाड्यात आजही ऊस गाळून रम काढली जाते. गुऱ्हाळावर उभे राहून काहिलीतला रस उकळताना पाहिलेल्या माणसाला तिथे मार्गदर्शकाची फारशी गरज लागत नाही. त्याच बेटावर, बंदरापासून जवळच, केन्सिंग्टन ओव्हल हे मैदान आहे, जिथे 29 जून 2024 रोजी भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला. घरात क्रिकेटवेडा असेल तर बार्बाडोस असलेला मार्ग निवडावा. जहाज कोणते, हे तो नंतर विचारणारही नाही.

दक्षिणेकडेच सेंट लुशियातील पिटॉन हे समुद्रातून सरळ वर चढणारे दोन सुळके आहेत, आणि क्युरासाओची राजधानी विलेमस्टाड येथे रंगीत डच घरांच्या रांगेसमोर 1888 पासून तरंगता पूल आहे. एखादे मोठे जहाज आत येऊ लागले की तो पूल बाजूला सरकतो आणि लोक काठावर थांबून पाहत राहतात.

त्रिनिदाद मात्र नेहमीच्या मार्गांवर फारसे नसते. 30 मे 1845 रोजी फतेल रझाक या जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी तिथे उतरली, तीही उसाच्या मळ्यांसाठीच. आज तिथे करापिचैमा येथे 85 फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे, आणि पोर्ट ऑफ स्पेनचे क्वीन्स पार्क ओव्हल हे मैदान 1971 च्या अजित वाडेकरांच्या भारतीय क्रिकेट संघामुळे आपल्याकडच्या जुन्या पिढीला तोंडपाठ आहे. त्रिनिदाद असलेली सफर मिळाली तर ती सोडू नये, पण तिच्यासाठी एक वैद्यकीय कागद लागतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

जहाज आधी निवडावे असे कोणी

पहिला अपवाद म्हणजे तीन पिढ्यांचे कुटुंब. आजी-आजोबा बेटावर तासाभरात थकतात, लहान मुलांना किल्ल्यापेक्षा घसरगुंडी प्रिय असते आणि मधल्या पिढीला दोघांकडे पाहत राहावे लागते. अशा कुटुंबाचे 160 तास जहाजच सांभाळते. रॉयल कॅरिबियन कंपनीचे ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज जानेवारी 2024 पासून मायामीहून सफरी करते. त्यावर वीस डेक म्हणजे मजले, सात जलतरण तलाव आणि मोठ्या सहा घसरगुंड्या आहेत आणि खोलीत दोघे धरले तरी 5,610 प्रवासी मावतात. करवीर तालुक्यातील एखादे मोठे गाव समुद्रावर निघाल्यासारखेच ते असते. गर्दीचा त्रास ज्याला होतो त्याने हा आकडा दोनदा वाचावा. ज्याला होत नाही, त्याच्या मुलांना मात्र आठ दिवस दुसरे काही सुचणार नाही.

दुसरा अपवाद अशा जोडप्यांचा, ज्यांना खरोखर कुठेच जायचे नसते. बाल्कनीत बसून समुद्र पाहायचा असतो आणि वेळेवर आयते जेवण हवे असते. त्यांनी बेटांच्या यादीकडे पाहण्यात वेळ घालवू नये. मात्र अशांना मी एक विचारतो: केवळ जहाजच हवे असेल तर मायामीपर्यंत जायचे कशाला? मुंबईहून देशी क्रूझ निघतात आणि सिंगापूरहून मोठी आंतरराष्ट्रीय जहाजे निघतात. तो प्रवास पाच-सहा तासांच्या विमानाचा आहे. कोल्हापूरहून मायामी गाठायला मात्र महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून किमान एक विमान बदलून जवळपास दीड-दोन दिवस लागतात. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना हा हिशेब लागू नाही, कारण त्यांचा विमानखर्च आधीच झालेला असतो.

बेटे निवडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. कराराच्या अटींनुसार हवामान, बंदरातील गर्दी किंवा सुरक्षितता यांमुळे कंपनी कोणतेही बंदर वगळू शकते किंवा बदलू शकते, आणि त्या बंदराचे कर परत करण्यापलीकडे तिच्यावर सहसा जबाबदारी नसते. म्हणजे जहाज जवळपास हमखास मिळते, बेट तितके हमखास नसते. म्हणूनच एकाच बेटावर सगळी भिस्त ठेवून मार्ग निवडू नये. किमान दोन ठिकाणे तरी मनापासून पाहावीशी वाटणारी असावीत.

मार्गात कंपनीच्या स्वतःच्या बेटाचा थांबा असेल तर त्याला बेट म्हणून मोजू नये, असे मला वाटते. रॉयल कॅरिबियनचे कोकोके किंवा डिस्नेचे कास्टवे के ही बहामाजमधील ठिकाणे स्वच्छ, सुरक्षित आणि मुलांसाठी उत्तम आहेत, पण तिथे गाव नाही, बाजार नाही, तिथला रहिवासी भेटत नाही. तो जहाजाचाच वाळूवर पसरलेला एक डेक आहे. चार थांब्यांपैकी एक असा असेल, तर आपल्या हिशेबात तीनच धरावेत.

हंगाम आणि सुट्ट्या

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरला जातो आणि सप्टेंबरच्या पूर्वार्धात तो ऐन भरात असतो. आपल्या दिवाळीच्या सुट्ट्या या हंगामाच्या शेपटीत येतात, तर मे महिना त्याच्या आधी संपतो. म्हणून कोल्हापूरच्या शाळकरी मुलांसह जाणाऱ्यांना मे हा नैसर्गिक महिना आहे: ऊन असते, पण अमेरिकी शाळांच्या उन्हाळी सुट्टीची गर्दी अजून सुरू झालेली नसते. नाताळ आणि नववर्षाचे आठवडे सर्वांत महाग असतात, ते टाळावेत. दिवाळीतच जायचे असेल तर अरुबा, बोनेर आणि क्युरासाओ असलेला दक्षिणेचा मार्ग घ्यावा, कारण ही तीन बेटे वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या बाहेर, दक्षिणेला आहेत.

कागदपत्रे

फ्लोरिडा किंवा सान हुआनहून निघणाऱ्या सफरीसाठी अमेरिकेचा बी-1/बी-2 व्हिसा लागतो आणि तो अनेक प्रवेशांचा असावा लागतो, कारण जहाज इतर देशांत जाऊन पुन्हा अमेरिकेत परतते. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांसाठी आपल्याला मुंबई गाठावी लागते, आणि मुलाखतीची तारीख मिळायला पुष्कळ वेळ जाऊ शकतो. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारी रक्कम कोणालाही देऊ नये. त्यानंतर प्रत्येक बेटाचा नियम वेगळा असतो. मेक्सिकोत अमेरिकेचा वैध व्हिसा चालतो. बार्बाडोसला भारतीय पर्यटकाला व्हिसा लागत नाही. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप हे फ्रान्सचे भाग असले तरी युरोपातील अनेक देशांना चालणारा नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप लागू होत नाही. म्हणून मार्गातील प्रत्येक देशाचे नाव लिहून भारतीय पासपोर्टधारकाला काय लागेल याचे लेखी उत्तर क्रूझ कंपनीकडून घ्यावे. अमेरिकेतील मुलाने स्वतःच्या अनुभवावरून दिलेले उत्तर पुरेसे नसते, कारण त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याचे नियम वेगळे असतात.

आता त्या वैद्यकीय कागदाविषयी. त्रिनिदाद, पनामा आणि कोलंबिया हे पीतज्वराचा (यलो फिव्हरचा) धोका असलेल्या देशांच्या यादीत येतात. अशा देशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि ते आयुष्यभर चालते, पण लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी ती घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. पनामा कालव्याचा समावेश असलेल्या सफरी आकर्षक असतात. मात्र घरातील आजोबांना ही लस चालणार नसेल, तर तो मार्ग सुरुवातीलाच बाजूला ठेवावा.

केबिन आणि पैसे

मार्ग ठरला, जहाज ठरले, की केबिनची निवड येते. तिच्यावर लोक कमी विचार करतात आणि नंतर जास्त बोलतात. पहिल्या सफरीत आमच्या एजंटाने स्वस्तात मिळाली म्हणून अगदी वरच्या डेकवरची खोली दिली. तिच्या बरोबर डोक्यावर तलावाचा डेक होता आणि रोज पहाटे पाच वाजता खुर्च्या ओढण्याच्या आवाजाने आम्ही जागे होत असू. तेव्हापासून मी डेकचा नकाशा पाहिल्याशिवाय पैसे भरत नाही. खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असाव्यात. ज्याला घाटातल्या एसटीत मळमळते, त्याने जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर खोली घ्यावी, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. दिवसभर बेटांवर फिरणाऱ्यांना बिनखिडकीची आतली खोली पुरते. बाल्कनीचे पैसे वसूल होतात ते समुद्रावरच्या दिवसांत.

भाडे दर माणशी, पण एका खोलीत दोघे धरून सांगितले जाते, त्यामुळे एकट्या प्रवाशाला जवळजवळ दुप्पट पडू शकते. त्यावर बंदराचे कर आणि कर्मचाऱ्यांसाठीची टिप येते. ही टिप दर माणशी दररोज साधारण 15 ते 20 डॉलर असते, आणि चौघांच्या कुटुंबाची सात रात्रींची बेरीज केली तर ती 420 ते 560 डॉलरपर्यंत जाते. इंटरनेट, मद्य आणि बेटांवरील सहली बहुतेक वेळा वेगळ्या असतात. पेयांचे पॅकेज घेताना अट वाचावी, कारण काही कंपन्या एका खोलीतील एका प्रौढाने ते घेतले तर दुसऱ्यालाही घ्यायला लावतात, आणि न पिणाऱ्या सौभाग्यवतींच्या नावावरही ते चढते. इथल्या एजंटाकडून आरक्षण केल्यास परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे एजंटाने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपून ठेवावी. वैद्यकीय विमा नेहमीच्या परदेशी विम्यापेक्षा नीट तपासावा. जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे विशेषतः पाहावे.

शाकाहारी आणि जैन जेवण मोठ्या जहाजांवर मिळते, पण आरक्षण करतानाच कळवावे आणि पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहात पुन्हा सांगावे. रोज आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचे सांगून ठेवले की स्वयंपाकघर मनापासून करते. घरचे शिजवलेले पदार्थ नेऊ नयेत. बंद पाकिटातील भडंग आणि कोरडी चटणी चालते. विजेची किटली, शेगडी आणि इस्त्री मात्र जहाजावर चढतानाच काढून घेतात.

जहाज सुटण्याच्या किमान आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचावे, कारण विमान चुकले तर जहाज थांबत नाही. हाच नियम बेटांवरही आहे: कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट पाहते, आपण स्वतः टॅक्सी करून गेलो असलो तर पाहत नाही. म्हणून दूरच्या ठिकाणी कंपनीच्या सहलीने आणि जवळच्या ठिकाणी स्वतःहून जावे, आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवावे, कारण बेटावरची वेळ कधीकधी एका तासाने वेगळी असते. परतीच्या दिवशी जहाज सकाळी लवकर धक्क्याला लागते, तरी उतरणे आणि अमेरिकेची तपासणी यांत वेळ जातो. त्या दिवशीचे विमान दुपारी बारानंतरचे घ्यावे. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा पासपोर्ट, औषधे आणि सकाळी घालायचे कपडे हातातल्या पिशवीत आधीच काढून ठेवावेत.